व्यवसायाचा रकाना : एबी फॉर्मवर सही करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सर्व राष्ट्रीय व राज्य पक्षांचे अध्यक्ष, सरचिटणीस आणि एबी फॉर्मवर सही करण्याचा अधिकार असलेले सर्व मान्यवर.

विषय : लोकसभेच्या उमेदवारांच्या शपथपत्रातील ‘व्यवसाय’ या रकान्याबाबत.

महोदय, महोदया,

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेतून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. जिल्ह्याचे नाव लिहीत नाही. त्याने काही फरक पडत नाही आणि माझ्या जुन्या साहेबांना उगाच फोन जायचे. या पत्राला जावक क्रमांक नाही. नोकरीत असताना वर पत्र धाडायचे तर ते तीन टेबलांवरून फिरून जायचे आणि तोवर त्यातला निम्मा मजकूर कोणीतरी लाल शाईने खोडलेला असायचा. आता ती अडचण उरलेली नाही, म्हणून थेट लिहितो.

तुमची माझी ओळख नाही, पण तुमची सही मी ओळखतो. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी पावणेतीनला जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर कोण घामाघूम होऊन धावत येणार, हे आमच्या शिपायालाही पाठ असायचे. हातात प्लास्टिकचे फोल्डर आणि त्यात ए आणि बी हे दोन नमुने. तीनच्या आत ते टेबलावर पडले तर माणूस पक्षाचा उमेदवार. नाही पडले, तर दहा सूचक जोडलेले असतील तर अपक्ष आणि नसतील तर घरी. सही शाईचीच लागते, शिक्का किंवा छापील सही चालत नाही. त्यामुळे आम्ही कागद तिरका धरून उजेडात बघायचो. एकदा तर शाई माझ्या बोटाला लागली. खाली पोर्चमध्येच, गाडीच्या बॉनेटवर सही झाली असणार.

पंधरा-वीस लाख मतदारांच्या वतीने दिल्लीला कोण जाणार, याचा निम्मा निकाल त्या दोन कागदांवर लागलेला असतो. उरलेला निम्मा मतदार लावतात. म्हणून हे पत्र खासदारांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

निवृत्तीआधीच्या दोन लोकसभा निवडणुका, २०१४ आणि २०१९, मी छाननीच्या टेबलावर काढल्या. नमुना २६ चे शपथपत्र माझ्याकडे यायचे. त्यात आधी गुन्हे, मग मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी, आणि शिक्षणाच्या थोडे वर एक लहानसा रकाना : व्यवसाय किंवा पेशा, स्वतःचा आणि पती वा पत्नीचा. शपथपत्र सूचना फलकावर लागले की वार्ताहर मालमत्तेच्या आकड्यावर तुटून पडायचे. कोणाकडे किती तोळे, कोणाच्या नावावर गाडीच नाही, याच्या चौकटी दुसऱ्या दिवशी छापून यायच्या. व्यवसायाच्या रकान्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. मी बघायचो, कारण रकाना कोरा नाही ना एवढे बघणे हेच माझे काम होते. सांगूनही रकाना कोरा ठेवला तर अर्ज बाद करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगून ठेवले आहे. भरलेले खरे की खोटे, हे तपासण्याचा अधिकार मात्र आमच्या टेबलाला नाही. त्यामुळे कोरा रकाना अडायचा आणि पोकळ रकाना पुढे सरकायचा.

काय भरलेले असायचे? समाजसेवा. शेती व समाजसेवा. समाजकार्य व शेती. एकाने ‘जनसेवा’ लिहून पुढे कंसात ‘पूर्णवेळ’ असे लिहिले होते. २०१९ मध्ये एका वजनदार उमेदवाराचा स्वीय सहायक कच्चा फॉर्म घेऊन आदल्या दिवशी शाखेत आला. बसला, पाणी प्यायला आणि मला विचारतो, “काका, धंद्यात काय टाकू?”

“साहेब काय करतात?” मी विचारले.

तो हसला. त्याला मी गंमत करतोय असे वाटले. “काय करतात म्हणजे? साहेब आहेत.”

मग त्यानेच समाजसेवा टाकले. पुढच्या ओळीत, उत्पन्नाचा स्रोत विचारला होता तिथे, तो पुन्हा अडला. समाजसेवेतून उत्पन्न होते असे शपथेवर लिहायची पंचाईत. तिथे शेती, भाडे, व्याज आणि मानधन आले.

दोन्ही निवडणुका धरून एकाच शपथपत्रात मला साधा, सरळ, डोळ्यांना दिसणारा धंदा सापडला : शिवणकाम. त्या माणसाबद्दल शेवटी लिहितो.

माझा जिल्हा काही जगावेगळा नाही. सतराव्या लोकसभेच्या खासदारांनी स्वतःच दिलेल्या माहितीनुसार १०० पैकी ३९ जणांचा व्यवसाय राजकीय व सामाजिक कार्य, ३८ जणांचा शेती, २३ जणांचा व्यापार-उद्योग. काहींनी दोन-दोन लिहिले आहेत. वकील १०० मध्ये ४. पहिल्या लोकसभेत तिघांमागे एक वकील होता. वकील भरले की संसद चांगली होते असे मला म्हणायचे नाही. कोर्टात आयुष्य गेलेल्या कोणालाही विचारा. पण त्या तिघांतल्या एकाकडे खुर्ची गेली तर घालायला काळा कोट होता.

आता तुम्ही म्हणाल, हा म्हातारा राजकारण्यांवर घसरला. तसे नाही. पूर्णवेळ राजकारण करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. कॉम्रेड डांगे आयुष्यभर दुसरे काय करत होते? आणि हौशी माणूस पाठवला की काय होते, तेही आपण पाहिले आहे. उत्तर मुंबईतून राम नाईक १९८९ पासून लागोपाठ पाच वेळा निवडून आले. माणूस पुरता संसदेचा. खासदाराला मतदारसंघात कामे करता यावीत म्हणून निधी हवा, हा आग्रह त्यांनी धरला आणि १९९३ साली ती योजना सुरू झाली. २००४ मध्ये लोकांनी त्यांना पाडले आणि गोविंदाला निवडून दिले. पुढे काय झाले ते उत्तर मुंबईकरांना विचारा. २००९ ला गोविंदा पुन्हा उभेच राहिले नाहीत. तेव्हा ‘राजकारणी नको, बाहेरचा चांगला माणूस आणा’ हे जे दर पाच वर्षांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, त्यावर माझा विश्वास नाही. २०२४ ला मुंबई उत्तर मध्यमध्ये उज्ज्वल निकम यांच्यासारखा नावाजलेला वकील अगदी शेवटच्या टप्प्यात आणला गेला, तोही पडला. मोठे नाव ऐनवेळी मतदारसंघावर आणून टेकवले की मतदारही त्याला पाहुण्यासारखेच वागवतात. चहा देतात, मत देत नाहीत.

माझा मुद्दा निराळा आहे. माणूस राजकारणात किती वेळ देतो यापेक्षा, ते सोडून त्याला कुठे जाता येते का, हे मला बघायचे आहे.

कोकणातले उदाहरण देतो, कारण माझे आजोळ तिकडचे. राजापूर मतदारसंघातून आधी नाथ पै निवडून यायचे. पेशाने बॅरिस्टर. त्यांच्या पश्चात १९७१ पासून मधू दंडवते पाच वेळा निवडून आले. सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. १९७७ ला रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम घातला. आमचा मामा त्यानंतर कैक वर्षे दर प्रवासाला बर्थ अंगठ्याने दाबून बघायचा आणि म्हणायचा, “हा आपल्या मास्तरांनी घातला.” १९९१ मध्ये मास्तर पडले. पडल्यावर ते कोणाच्या दारात जाऊन बसले नाहीत, कोणत्या महामंडळावर वर्णी लागते का म्हणून त्यांनी वाट पाहिली नाही. त्यांचे दिल्लीत जेवढे वजन होते ते खुर्चीमुळे आलेले नव्हते, त्यामुळे खुर्चीबरोबर गेलेही नाही.

त्याहून लख्ख उदाहरण चिंतामणराव देशमुखांचे. आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५२ ला कुलाब्यातून लोकसभेवर आणि देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचे ठरले, तेव्हा १९५६ च्या जुलैमध्ये त्यांनी पंतप्रधानांच्या तोंडावर, भर लोकसभेत, राजीनाम्याची कारणे सांगितली आणि मंत्रिपद सोडले. महाराष्ट्रात आपण ही गोष्ट स्वाभिमानाची म्हणून सांगतो. ती आहेच. पण कारकुनाच्या डोक्याने मी तिच्याकडे बघतो तेव्हा मला दुसरे दिसते. चिंतामणरावांना दुसऱ्या दिवशी काम होते. ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नेहरूंनी त्यांना तिकीट दिले नाही तर त्यांच्या घरची चूल विझणार नव्हती. ताठ कण्याला असा आधार लागतो, आणि तो नसेल तर भल्याभल्यांचा कणा वाकतो. यात माणसाच्या चांगले-वाईटपणाचा संबंध थोडा, पोटाचा जास्त.

आता तुमच्या पक्षाचा आजचा एखादा खासदार डोळ्यांपुढे आणा. विशीत युवक आघाडीचा पदाधिकारी, तिशीत आमदार किंवा आमदाराचा मुलगा, चाळिशीत खासदार. घर, गाडी, मुलांच्या शाळा, गावाकडच्या पतसंस्थेतले संचालकपद, पेट्रोल पंप, शिक्षणसंस्था, चार पोरांची नोकरी, लग्नातला मान, तेराव्याचे बोलावणे, सगळे त्या एका पदाला लटकलेले. त्याला उद्या एखादे विधेयक चुकीचे वाटले तर तो काय करेल? १९८५ च्या पक्षांतरबंदीने त्याचे हात आधीच बांधलेत. व्हिपविरुद्ध मत दिले की सदस्यत्व जाऊ शकते. पण मत देणे राहू द्या. बोलेल का? पक्षाच्या बैठकीत, दार लावून, तुमच्यासमोर? तुम्ही सांगा, मला त्या बैठकीत कधी बोलावणे आले नाही.

मला तर वाटते की तो बोलणार नाही हे तुम्हाला माहीत असते आणि त्याला तिकीट मिळण्याचे तेही एक कारण असते. चुकत असेन तर कळवा.

एक विनोद मात्र कोणी मुद्दाम केलेला नसूनही झाला आहे. राजकारणी पूर्णवेळ झाले आणि संसद अर्धवेळ झाली. पहिली लोकसभा पाच वर्षांत ६७७ दिवस बसली, वर्षाला सरासरी १३५. सतरावी लोकसभा पाच वर्षांत २७४ दिवस बसली, वर्षाला ५५. आमच्या तालुक्याची शाळा याच्या चौपट दिवस भरते. कोर्ट, कॉलेज, दवाखाना सांभाळून आलेली माणसे १३५ दिवस बसत होती, आणि ज्यांना दुसरे कामच नाही ते ५५ दिवस बसतात. मग उरलेले ३१० दिवस हे पूर्णवेळचे लोक काय करतात? उद्घाटने, वाढदिवस, सांत्वने, कुस्त्यांचे मैदान, आणि मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर पत्र घेऊन उभे राहणे. हे सगळे कष्टाचे काम आहे, मी नाकारत नाही. सकाळी सहाला त्यांच्या अंगणात जमणारी माणसे मी पाहिली आहेत. कोणाला हॉस्पिटलात खाट हवी असते, कोणाची बदली अडलेली असते. पण हे काम नगरसेवकाचे, तलाठ्याचे, फार तर आमदाराचे. कायदा वाचणे हे काम राहूनच जाते. पंधराव्या लोकसभेत १०० पैकी ७१ विधेयके छाननीसाठी समित्यांकडे गेली होती, सतराव्यात १६. छाननी या शब्दाशी माझे आयुष्य गेले, म्हणून हा आकडा मला जरा जास्त टोचतो. आमच्या टेबलावर सूचकाच्या आडनावातली वेलांटी चुकली तरी धावपळ व्हायची.

पगारावरून मी बोलणार नाही, कारण तिथे लोक फार सोपे बोलतात. २०२५ मध्ये खासदाराचे वेतन महिना १ लाख २४ हजार झाले आणि निवृत्तिवेतन ३१ हजार. पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला अडीच हजार आणखी. यावर चौकात बरीच चिडचिड ऐकली. मला ती पटत नाही. ब्रिटनमध्ये १९११ पर्यंत खासदाराला पगारच नव्हता. त्यामुळे तिथे कोण बसायचे? जमीनदार आणि कारखानदार. पगार सुरू झाल्यावर खाणीतल्या कामगाराला संसदेत बसणे परवडू लागले. पगार बंद केला तर शिंप्याचा मुलगा कधीच जाणार नाही, साखर कारखान्याच्या अध्यक्षाचा मात्र जाईल. तेव्हा पगार हवाच. निवृत्तिवेतनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली, तेही ठीक. माझी तक्रार पगार घेणाऱ्याबद्दल नाही, त्या पगारापर्यंत पोचायच्या वाटेबद्दल आहे.

ती वाट कशी बुजली हे मी नोकरीत बसल्या बसल्या पाहिले, त्यामुळे इथे जरा थांबतो.

१ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. त्या काळी आमच्या खात्यातले जुने लोक म्हणायचे, ही कारभाऱ्यांची शाळा आहे. आणि होतीच. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. आर. आर. आबा सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य म्हणून अकरा वर्षे घासले आणि १९९० ला तासगावातून आमदार झाले. गरीब घरातला, पाठीशी कोणी नसलेला वकील पोरगा जिल्हा परिषदेच्या सभेत बोलायला शिकला आणि राज्याचा गृहमंत्री, उपमुख्यमंत्री झाला. २०१५ मध्ये आबा गेले. त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी निवडून आल्या, २०२४ ला पंचविसाव्या वर्षी मुलगा निवडून आला. त्या मुलाबद्दल मला आकस नाही, बोलतो छान. पण आबा ज्या दारातून आत आले ते दार आज तासगावातल्या दुसऱ्या एखाद्या गरीब घरातल्या पोराला उघडे आहे का, हा प्रश्न खुद्द आबांनाही पडला असता.

पहिले दार कॉलेजात होते. कॉलेजच्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाल्या. हाणामाऱ्या, खून झाले होते, बंद करण्याला कारण होते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या पुन्हा आल्या, पण कागदावरच. दुसरे दार पालिका आणि जिल्हा परिषदेचे. २०२२ च्या मार्चच्या आसपास राज्यातल्या बहुतेक महापालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि प्रशासक बसले. आरक्षणाचा वाद कोर्टात, तारखांवर तारखा. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितले तेव्हा कुठे कागद हलले. मधल्या तीन वर्षांत जो कार्यकर्ता तिशीचा होता तो तेहतिशीचा झाला. घरात लग्न झाले, मूल झाले, बायकोने विचारले, “किती दिवस सतरंज्या उचलणार?” आणि तो विम्याची एजन्सी घेऊन मोकळा झाला. साहेबांच्या मुलाला मात्र थांबणे परवडते. तीन वर्षे काय, दहा वर्षे थांबेल.

तिसरे दार पैशाचे. लोकसभेला खर्चाची मर्यादा ९५ लाख. आमच्याकडे खर्चाची वही असते, चहा किती रुपयांचा आणि वडापाव किती रुपयांचा याचे दर ठरलेले असतात, त्या वहीत सगळे नीट बसवलेले असते. खरे किती होतात ते तुम्हाला ठाऊक आणि आम्ही वहीच्या बाहेर बघत नसू. पण वहीतलेच ९५ लाख धरले तरी कोणता डॉक्टर, कोणती शिक्षिका, कोणता बागायतदार स्वतःच्या जीवावर हे करेल? सरकारी नोकर असेल तर आधी राजीनामा द्यायचा, मग पडला तर परत घेणार कोण? त्यामुळे तुम्ही म्हणता ना, ‘चांगली माणसे पुढेच येत नाहीत’, ते खरे आहे. येणार कुठून?

तरी कुठून तरी येतात. २०२४ ला दिंडोरीतून शिक्षकी पेशातले भास्कर भगरे केंद्रीय राज्यमंत्र्यांना हरवून निवडून आले. त्याच आडनावाच्या एका अपक्षाने तुतारीसारख्या दिसणाऱ्या चिन्हावर लाखावर मते खाल्ली, तरीही आले. लातुरातून डोळ्यांचे डॉक्टर आले. अठराव्या लोकसभेत निम्म्याहून अधिक चेहरे नवे आहेत, हेही मी वाचले. पण नवे म्हणजे लोकसभेला नवे. त्यातले बरेच आधी विधानसभेत होते किंवा त्यांचे वडील तिथे होते. आणि त्याच निवडणुकीत बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर होत्या. देशभरच्या वाहिन्यांनी ती लढत महिनाभर दाखवली. आमच्या घरी सौ. टीव्ही बघता बघता म्हणाली, “कोणी का जिंकेना, घर तेच ना.” मी निवडणूक शाखेचा माणूस, मला उत्तर सुचले नाही.

तुमचे नेहमीचे उत्तर मला माहीत आहे : निवडून येण्याची क्षमता. या शब्दावर आता कोर्टानेच बोट ठेवले आहे. २०२० च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिला तर का दिला, त्याच्याऐवजी स्वच्छ माणूस का मिळाला नाही, हे पक्षाने जाहीर करायचे, आणि ‘निवडून येतो’ एवढे कारण चालणार नाही. त्याची पात्रता, त्याचे काम, त्याची गुणवत्ता सांगायची. तेव्हापासून तुम्ही सी-७ नावाचा नमुना भरता. मी काही वाचलेत. ‘सदर उमेदवार हे लोकप्रिय असून गोरगरिबांसाठी अहोरात्र झटत आहेत.’ चार उमेदवारांना एकच वाक्य, फक्त नाव बदलून. आमच्या शाखेत असे केले असते तर मेमो निघाला असता.

माझी विनंती त्या नमुन्यापासूनच सुरू होते. तो नमुना गुन्हे नसलेल्यांसाठीही भरा. कोणी सक्ती केलेली नाही, कायदा नाही, आयोगाचे परिपत्रक नाही. तुम्ही आपणहून भरा. एबी फॉर्मवर सही करता त्याच वेळी आणखी एक पानभर लिहा आणि ते मतदारसंघात लावा : हा माणूस निवडणूक नसते तेव्हा काय करतो. त्याचे पोट कशावर चालते. पक्षाबाहेर त्याने केलेले, हात लावून दाखवता येईल असे एक काम. त्याच्याऐवजी ज्या दोघा-तिघांची नावे चर्चेत होती त्यांना का डावलले. आणि आडनाव तुमच्याच घरातले असेल तर तेवढे एक वाक्य जास्त. भाषा साधी ठेवा. ‘अहोरात्र’ हा शब्द टाळलात तर बरे, इतकी वर्षे जागा राहिलेला माणूस संसदेत झोपणारच.

पान लिहायला बसलात की काही नावांपुढे पेन थांबेल. आमच्या शाखेत कच्चा फॉर्म घेऊन आलेल्या त्या स्वीय सहायकाचे थांबले तसे. थांबले तर ते पान कोरेच ठेवा आणि कोरेच लावा. आमच्यासारखे कोणीतरी फलकासमोर उभे राहून बघेल.

दुसरी गोष्ट लहान आहे, पण माझ्या मनात बरेच दिवस आहे. तुमचा खासदार पडतो तेव्हा त्याला काय सांगता? ‘पुढच्या वेळी बघू, तोवर पक्षाचे काम करा.’ त्याऐवजी एकदा तरी सांगून बघा : जा, पाच वर्षे काहीतरी कर. शिकव, शेत पिकव, वकिली कर, दुकान टाक, मग ये. ज्याला हे ऐकून धस्स होईल त्याला तिकीट देताना आणखी विचार करा. आणि जो म्हणेल, ‘बरे झाले, गाळप हंगाम डोक्यावर आहे,’ त्याला हाताशी ठेवा. तो तुम्हाला कधीतरी नाही म्हणेल. ते तुम्हाला आवडणार नाही, मला कल्पना आहे.

पत्राची पोच मिळाली तर बरे वाटेल. नाही मिळाली तरी सवय आहे.

आपला विश्वासू,
निवडणूक शाखेतील एक सेवानिवृत्त अव्वल कारकून

ता. क. : शिवणकामवाल्याचे राहिले. २०१९ ची गोष्ट. बसस्टँडमागे त्याचे दुकान, अपक्ष अर्ज. पंचवीस हजार अनामत घेऊन आला होता, त्यातले सहा-सात हजार दहा-वीसच्या नोटांत आणि नाण्यांत. आम्ही दोघे जण मोजत बसलो. दहा सूचक लागतात, ते त्याने छोट्या हत्ती टेम्पोतून आणले होते, सगळी गिऱ्हाइके. आत उमेदवार धरून पाचच जणांना सोडतात, त्यामुळे बाकीचे शंभर मीटरच्या रेषेबाहेर उन्हात उभे. व्यवसायात त्याने ‘शिवणकाम’ लिहिले आणि उत्पन्नाच्या स्रोतातही ‘शिवणकाम’. मी विचारले, “उभे का राहताय?” तो म्हणाला, गावात दोन वर्षे एसटी येत नाही, कोणी बोलत नाही, म्हटले आपण बोलू. मतमोजणी २३ मे रोजी होती. बाराच्या सुमाराला, अजून निम्म्या फेऱ्या व्हायच्या असताना, तो माझ्या टेबलाशी आला. हजार-बाराशे मते पडली होती. विचारले, “साहेब, मी इथे थांबलेच पाहिजे असे काही आहे का?” मी म्हटले, नाही, पण अनामत गेली बहुतेक. “ते कळले हो,” तो म्हणाला, “लग्नसराई आहे, बारा ब्लाउज आज द्यायचेत.” गळ्यातले उमेदवाराचे ओळखपत्र काढून त्याने टेबलावर ठेवले, परत घेतले, “पोरीला दाखवतो” म्हणाला, आणि गेला.